तांदळात लिहिलेलं नाव

अहो,

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. खडकीतच कारखाना, खडकीतच घर. पत्र पाठवणार कुठे! आज लिहायला बसले ती सहीच्या सरावासाठी. उद्या प्रतिज्ञापत्रावर मला ‘सुनंदा’ अशी सही करायची आहे. ही सही मी जन्मात केलेली नाही. स्टॅम्पपेपर लिहून देणारे गृहस्थ म्हणाले, "घरी गिरवून या, मावशी. हात अडखळला की साहेबांना शंका येते." वहीचं अर्धं पान गिरवलं आणि तुमची इतकी आठवण आली की पुढे सही होईना.

आठवतंय का हो? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तुम्ही हे नाव लिहिलंत. वहिनीने वाकून मोठ्याने वाचलं, मी लाजले. आणि नंतर जन्मभर काय, तर ‘अगं’! एवढ्या हौसेने ठेवलेल्या नावाने एकदा तरी हाक मारायची होतीत! रेशनकार्डावर, आधारवर, बँकेत मी माहेरची कमलच राहिले.

फक्त एका कागदावर मी सुनंदा आहे. कंपनीचा वारसाचा फॉर्म घेऊन तुम्ही ओट्यापाशी आलात. "नाव काय घालू?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "घाला तुम्हाला आवडेल ते." माझीच जीभ! तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, पण तुमची पेन्शन त्या नावापायी अडकून पडलीय. ती बाई मी नाहीच, असं पेन्शनवाले म्हणतात. कमल आणि सुनंदा एकच, हे लिहून द्यायलाच उद्याचं प्रतिज्ञापत्र.

मधल्या काळात शेजारच्या शोभाताईंनी खेटे घालून मला निराधारांचं सरकारी अनुदान मिळवून दिलं, कमलच्या नावाने. त्यावर माझं इन्सुलिन येतं. खोलीचं भाडं दोन घरच्या पोळ्या लाटून भरत होते, पण आता गुडघे उभं राहू देत नाहीत. भाड्याला पेन्शन हवी, औषधाला अनुदान हवं. मी जास्त काय मागतेय?

गेल्या आठवड्यात अनुदानाच्या कचेरीत जाऊन सरळ विचारलं, पेन्शन सुरू झाली तर अनुदानही राहील ना? कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "आजी, निराधार की पेन्शनर, एक काय ते ठरवा. दोन्ही मिळायला आपण काय मंत्री आहात?" पेन्शन आली की माझं उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर जातं म्हणे. जरासंच! तेवढ्यात मी श्रीमंत झाले बघा.

शोभाताई म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्र पेन्शनवाल्यांना द्या. इकडे कशाला बोलता? गुपचूप दोन्ही घ्या." मोह झाला, खोटं कशाला सांगू! पण अनुदानासाठी दर वर्षी उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यात पेन्शन नाही असं लिहून द्यायचं, म्हणजे तुम्ही तीस वर्षं कामाला गेलाच नाहीत असं लिहून द्यायचं. ते माझ्याने होणार नाही हो.

मग मी जगू कशी? सांगा ना! काल इन्सुलिन पुरवून वापरायचं म्हणून अर्धंच टोचलं. संध्याकाळपर्यंत साखर चढून डोळ्यांपुढे अंधारी आली. तशीच जमिनीवर बसून तुमच्या फोटोला वाट्टेल ते बोलले. मला एकटीला टाकून जायची एवढी काय घाई होती? माफ करा. पण तुमच्याशी नाही तर भांडू कोणाशी?

उद्या सही करते आणि अनुदानवाल्यांनाही खरं ते सांगते. सांगितलं की अनुदान थांबणार, आणि पेन्शन हातात पडायला किती महिने लागतील, ते कोणी सांगत नाही. तोवर शोभाताईंपुढे हात पसरीन, लाज सोडीन, पण इन्सुलिन अर्धं टोचणार नाही. तुम्हाला शब्द देते, पहिली पेन्शन घेतल्याशिवाय मी मरत नाही. पेन्शनच्या खिडकीवर तुम्ही ठेवलेलं नाव पुकारतील, तेव्हा ‘ओ’ द्यायला मी तिथे असेन.

तुमची,
सुनंदा