फडताळातली वेगळी कपबशी

वहिनी, जयभीम.

तुम्ही नळावरून यायच्या आत निघालो. रविवारच्या शर्यतीत मी पळत न्हाई, एवढं मास्तरला मैदानावर सांगून येतो. जेवायला घरीच.

काल जालन्याला गेल्तो ते पळायला नव्हे, छातीचा फोटो काढायला. मी रोज रात्री घामानं भिजून उठतो, मंग झोप लागत न्हाई, सकाळी वाकळ वाळत घालतो, हे तुम्ही बघितलं. तुमचे वडील असाच घाम येऊन टीबीनं गेले. दादाला तुम्ही काही बोलल्या न्हाईत. पण माझी कपबशी फडताळात खालच्या फळीवर गेली, आणि सुजाताला तुम्ही माझ्याजवळ येऊ देत न्हाईत. लेकरू लहान आहे, मीही तेच केलं असतं.

डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. अंगाला झेपत न्हाई इतकं पळून राह्यलो, त्याचा घाम आहे. काही दिवस पळणं बिलकुल बंद. फोटो खुंटीला लावलाय, दादाला दाखवा.

गावच्या हाटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असायची. तिला मी कधी हात लावला न्हाई, चहा न पिता परत यायचो. घरातली मात्र मुकाट्यानं वापरली.

आज ती धुवून बाकीच्या कपबशांत मिसळून ठेवलीय. त्यातली माझी कोणती, ते आता मलाही ओळखू येत न्हाई. सुजाताचं दूध त्यातल्याच एकीत ओता.

संपत