एम.ए. आणि तीन पेले दूध

रविवार, ३ मार्च १९७४
आजपासून कडक अभ्यास. एम.ए.ची तिसरी खेप. समोरच्या घरातले त्र्यंबकराव म्हणाले, "नृसिंह, यंदा पास हो, मग आमच्या कालिंदीचं बघू." म्हणजे होकारच की! कालिंदीही यंदा एम.ए.लाच बसतेय. संसारात बोलायला विषय मिळेल.

११ मार्च
राजारामपुरीत अभ्यास अशक्य. भिंतीपलीकडे तालीम, दिवसभर शड्डू. म्हणून विद्यापीठाच्या लायब्ररीत गेलो. माळावरचा वारा फार. झोप लागली. कालिंदी पलीकडच्या टेबलावर होती. मान वर केली नाही. लाजते.

२९ मार्च
पहिलं पुस्तक सोपं म्हणून शेवटी ठेवलं होतं. आज उघडलं. सोपं नाही.

७ एप्रिल
जेवण जात नाही. नापास झालो तर कालिंदी गेली. तालमीचे वस्ताद हंबीरराव म्हणाले, "पंत, अंगात रगच न्हाय तुमच्या. पेपरदिवशी सकाळी दुधाच्या कट्ट्यावर या. म्हशीचं धारोष्ण दूध प्या की! आमची पोरं काय उपाशी कुस्ती मारत्यात व्हय?" पटलं. शास्त्रीय आहे.

१६ एप्रिल, संध्याकाळ
पहाटे कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात. एक प्यालो. हंबीरराव म्हणाले, "एवढ्यानं मांजराचं बी भागायचं न्हाय." दुसरा. मग तिसरा.

पेपर हातात आला. तीन प्रश्न चक्क येत होते! लिहायला सुरुवात केली. पुढची मांडणी करायला क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा सुपरवायझर उत्तरपत्रिका ओढत होते. उठवलं का नाही, विचारलं. म्हणाले, "मला वाटलं, ध्यान लावून इचार करताय."

घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलो. तरी दोन ओळी लिहिल्यात. दर्जेदार आहेत. परीक्षक जाणता निघाला तर अजून आशा आहे.

२० जून
निकाल. वर्तमानपत्रात माझा नंबर नाही. छापणाऱ्यांचा भोंगळपणा. कालिंदीला फर्स्ट क्लास.

२३ जून
धीर करून त्र्यंबकरावांकडे गेलो. आणखी एक वर्ष थांबा, म्हणून हात जोडले. कालिंदीच्या आईनं, विमलाकाकूंनी पेढा दिला. कालिंदीचा साखरपुडा ठरलाय, हातकणंगल्याच्या मुलाशी. तिनंच पसंत केलाय.

विचारलं, "मुलगा एम.ए. आहे?"

"छे! मॅट्रिक. पंपांचं दुकान आहे."

घरी येऊन बसलोय. कारण शोधतोय. एकही सुचत नाही.