मागे राहिलेली निळी टोपी

६ ऑक्टोबर
ऋषिराज शाळेतून आला की दप्तरासकट टीव्हीसमोर बसायचा. व्हिडिओ गेममध्ये लाल टोपीवाला तो, निळी टोपी माझी. मी पुलाशी अडकायची. मागचा आल्याशिवाय पडदा पुढे सरकायचाच नाही. मग तो करवादायचा, "आई, चल ना गं," आणि मला घ्यायला मागे यायचा.
दिवाळीला येतोय, चार दिवस. माळ्यावरून गेम काढला. या वेळी पूल पार करायचाच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, सुरू केलेलं अर्धवट सोडू नये. पुण्याहून येऊन त्याला तरी दुसरं काय हवं असणार?

८ ऑक्टोबर
बारामतीहून नवा अडॅप्टर आणला. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? हो म्हटलं. नातू नाही.
निःपक्षपाती परीक्षण: उडीचं बटण दाबलं की टोपीवाला आधी विचार करतो, मग उडतो. तोवर नदीत. दहापैकी तीन. माझ्या बोटांचा संबंध नाही. सुई ओवायला शेजारच्या कुशाबाई लागतात, पण तो डोळ्यांचा प्रश्न.

११ ऑक्टोबर
पुलाशी पोचले आणि लाईट गेली. खेळात सेव्ह नाही. बनवणारा इंदापुरात कधी राहिला नसावा. गुण एक.

१३ ऑक्टोबर
कुशाबाईंना लाल टोपी दिली. त्या पुढे, मी मागे, पडदा ठप्प. म्हणाल्या, "बाई, तुमी येईस्तवर मी हितं नुसती उभीच ऱ्हाऊ का? श्रेया शाळंतनं यील आता." नातीचं निमित्त करून गेल्या. लोकांना धीर नाही. माझ्या मते खेळातली ही एकच गोष्ट नीट जमली आहे. दहापैकी दहा.

१७ ऑक्टोबर
ऋषिराजचा फोन. चारचे दोन दिवस झाले. सोनमच्या ऑफिसचं काहीतरी. सुनेला दोष देणारी मी नव्हे. पुलाला तासभर पुरे.

२० ऑक्टोबर
पाडव्याला सकाळी येऊन संध्याकाळी निघणार. उलट बरं. करंज्या मऊ पडल्या. गॅसचा दोष.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळ
आला. "हा अजून आहे?" म्हणून हसला. मी निळ्या टोपीचा रिमोट घेऊन बसले. त्याने मोबाईल काढला. आमचाच खेळ, झकास रंगांत.
"आई, आता ती जुनी कटकट नाही. मागचा राहिला तर राहतो. पडदा थांबत नाही."
कौतुकाने दाखवलं. लाल टोपी पूल ओलांडून गेली. निळी डाव्या कडेला सरकली आणि दिसेनाशी झाली.
छान सुधारणा आहे, म्हटलं. चारला तो निघाला. नंतर ट्रॅफिक लागतं.

२३ ऑक्टोबर
करंज्या कुशाबाईंना. गेम, अडॅप्टर आणि सगळ्या कॅसेट श्रेयाला. पहिला, लाल टोपीचा रिमोटही तिलाच.
दुसरा तिच्या आईला, मोनाला. उडीचं बटण उशिरा लागतं, तेवढं तिला सांगायचं.