बाईंचा बुधवारचा किलास

बाई,

आज बुधवार. किलासला आम्ही तिघीच होतो, मी आणि दोन म्हाताऱ्या. त्यातल्या एकीला ऐकू येत नाही. मी विचारते, "अव्वा, जिवाचं कसं हाय?" आणि ती मला मळणी झाल्याचं सांगते. दुसरी रडते, पण ती कशानेही रडते. बाकीची मंडळी दांडेलीकडे लाकडाच्या कामावर गेली, काही खानापूरला सोयऱ्यांकडे राहायला गेली, आणि प्रार्थनाघराचं छप्पर यंदा अर्धंच शाकारलं, कारण वर चढणारं कोणी उरलं नाही. घरी येऊन भाकरी थापली, खाल्ली नाही, आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आता लिहून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाला नसता. मीच म्हणते आहे.

तुम्ही सुप्याहून बैलगाडीने आलात तेव्हा मी नवी नवरी होते. नवरा सागवान कापायला जंगलात जायचा तो आठ-आठ दिवस दिसायचा नाही. आमची मेथॉडिस्ट मंडळी म्हणजे अकरा घरं आणि कुडाच्या भिंतींचं ते प्रार्थनाघर. पाळकसाहेब बेळगावकडून महिन्यातून एकदा यायचे, बाकीचं सगळं तुमच्या गळ्यात. तुम्ही मिशनने पाठवलेल्या बायबलबाई, विधवा, एकट्या, वाडीच्या टोकाच्या खोपीत राहणार. बायकांनी विचारलं, "जनावराचं भ्या वाटत न्हाई व्हय तुम्हास्नी?" तुम्ही म्हणालात, "वाटतं की. म्हणून तर दिवसभर तुमच्या घरी येऊन बसते." सगळ्या हसल्या. तुम्ही खरंच सांगत होता, हे मला फार उशिरा कळलं.

बुधवारी, गुरं परतायच्या आधी, सगळ्यांनी गोल बसायचं आणि तुम्ही एकेकाला विचारायचं, "गेल्या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं होतं?" खरं सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं, एवढेच दोन नियम. सुरुवात दर वेळी दाराशी बसणाऱ्या म्हातारबांपासून. ते म्हणायचे, "गुडघा सोडला तर बरं हाय." तुम्ही म्हणायच्या, "गुडघ्याचं नाही विचारलं." ते म्हणायचे, "माझा जीव गुडघ्यातच हाय वो बाई." मग कोणी रानडुकरांनी नाचणी उकरल्याचं सांगायचं, कोणी जावेशी बोलणं टाकल्याचं. जावेचं सांगणारी बाई जावेच्या शेजारीच बसलेली असायची, आणि तुम्ही दोघींना सोबत घरी पाठवायच्या. जो किलासला आला नाही, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघांनी जायचंच, हीही तुमची शिस्त. हिवतापाच्या दिवसांत तर अर्धी वाडी अंथरुणात आणि उरलेली अर्धी पेजेची मडकी घेऊन दारोदार. आम्ही एकमेकांचे झालो ते त्या चालण्याने झालो, प्रवचनाने नाही.

मला अक्षर तुम्ही शिकवलंत, तुमच्या चुलीपुढच्या राखेत. बोटाने काढायचं आणि हाताने पुसायचं. तुमच्या स्वयंपाकघरात दोनच भांडी होती, आणि तरी मी गेले की दुसऱ्यात काहीतरी असायचं. वाचायला आलं तशी मला वाचा फुटली. एका बुधवारी मी तुमच्या प्रार्थनेतली वाक्यं उचलून लांबलचक साक्ष दिली. मंडळी भारावली. नंतर तुम्ही मला मागे थांबवून घेतलंत आणि म्हणालात, "छान बोललीस. पण हे सगळं माझं आहे. तुझं काय आहे?" मला एवढा राग आला की आठवडाभर मी तुमच्या खोपीकडे फिरकले नाही, पुढच्या किलासलाही आले नाही. गुरुवारी दोघीजणी माझ्या घरी हजर, तुम्हीच पाठवलेल्या.

मग तो पावसाळा. माझी पोर आठ महिन्यांची होती. चार दिवस ताप आणि पाचव्या दिवशी काही नाही. नवरा जंगलात, नदीला पाणी, त्याला निरोपसुद्धा जाईना. तुम्ही तीन दिवस माझ्याजवळ बसून होता. शास्त्रातलं एकही वचन म्हणाला नाहीत. पेज केलीत, माझे केस विंचरलेत, आणि माझं अंग कापायला लागलं तेव्हा तुमचं कांबळं माझ्यावर घातलंत, ते परत नेलं नाहीत. त्यानंतरच्या बुधवारी मी किलासला जाऊन ताठ बसले आणि म्हणाले, "प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं." सगळी मंडळी म्हणाली, "इश्वास बघा हिचा." पाळकसाहेबांनी उपासनेत माझा दाखला दिला. मला ते आवडलं, बाई. माझ्याकडे दुसरं काही राहिलं नव्हतं, ते कौतुक तरी होतं.

दिवाळीच्या सुमाराचा तो बुधवार. म्हातारबांनी गुडघ्याचं सांगून झाल्यावर, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी उलट विचारलं. "समद्यांचं इचारता. तुमचं कसं हाय वो बाई?" इतक्या वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही हातांकडे बघत म्हणालात, "मला तीन महिने झाले प्रार्थना येत नाही. रोज बसते, तोंड उघडते, पुढे काही नाही. तुम्ही आहात म्हणून बुधवारपर्यंत येऊन पोचते." म्हातारबांची मान खाली गेली, आपण काही वंगाळ विचारलं की काय म्हणून. पुढे लोकांना मी हेच सांगत आले की किलास तिथेच मोडला.

पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही, मी. काळजी वाटली म्हणून सांगते, असं मी म्हणाले. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "त्यांना विसावा हवा. किलास काही दिवस तू बघ. तुला वाचता येतं, आणि दुःखात तू उभी राहिलीस." तुम्ही हजेरीची वही स्वतः आणून दिलीत. "अक्षर जपून काढ," एवढंच म्हणालात. रागाचं चिन्ह नव्हतं. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तीन बुधवार तुम्ही आलात आणि दाराशी बसलात, म्हातारबांच्या पलीकडे. मी म्हातारबांपासून सुरुवात केली, एकेकाला विचारत गेले, आणि तुम्हाला वगळलं. तिन्ही वेळा. मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं, असं मी माझ्या मनाला सांगितलं, आणि मंडळींनाही ते बरोबर वाटलं. तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून होता. चौथ्या बुधवारी तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांना पाठवायचं काम माझं होतं. मी कोणाला पाठवलं नाही. पाचव्या बुधवारीही नाही. तुमच्या खोपीतून धूर निघताना दिसायचा, तेव्हा मी म्हणायचे, ठीक आहेत की.

मार्गशीर्षात गाडी आली आणि तुम्हाला दुसऱ्या गावी नेलं. तिथे हिवताप कमी, असं साहेब म्हणाले. मी निरोपाला उभी होते, बाकीच्यांच्या मागे. कांबळं परत द्यायचं मनात होतं, घरी जाऊन आणेपर्यंत गाडी वळणावर दिसेनाशी झाली. थंडीचे दिवस होते. पुढच्या वर्षी गाडीवानानेच सांगितलं, "त्या बाई गेल्या म्हणं. शेजाऱ्यांस्नी दोन दिवसांनी समजलं." त्याला बैलांना पाणी पाजायचं होतं, त्याने घागर मागितली आणि मी दिली.

तेव्हापासून किलास माझ्याकडेच आहे. वीस वर्षं मी सगळ्यांना विचारलं. मला एकदाही कोणी विचारलेलं नाही. तुमच्या बाबतीत जे झालं ते बघितल्यावर कोण विचारणार? म्हातारबा तर गुडघ्यासकट गेले. टपालवाला सुप्याहून उद्या येईल, पण त्याच्याकडे द्यायला याच्यावर पत्ता काय घालू? राहू दे इथेच.

एकच सांगायचं आहे, आणि त्यासाठीच एवढं लिहिलं. त्या बुधवारी किलास मोडला नव्हता. तुमचं बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात, कारण म्हातारबांच्या नंतर मीच बसायचे. विचारलंत नेहमीसारखंच, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलात. पोर गेल्यापासून माझ्या तोंडून एक शब्द देवापाशी गेला नव्हता, आणि मला वाटतं तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही आधी स्वतःचं सांगितलंत, ते माझ्यासाठी. मी म्हणाले, "प्रभूच्या कृपेनं बरं हाय." आणि पुढच्या बुधवारी तुम्ही पुन्हा असंच माझ्याकडे बघत थांबाल, या भीतीने मी पाळकसाहेबांकडे गेले. काळजी नव्हती, बाई.