अंबूबाई कशाला भिते

तेवढ्यात अंबूबाईने आजारी वैद्याला खांद्यावर टाकले आणि पुरात पाय घातला. ती पलीकडे पोचली तेव्हा गॅसवरची भाजी करपली होती. (वांगी होती. फार नुकसान नाही.)

ती. दादांना शैलजाचा नमस्कार. तो वर यायला हवा होता, पण अंबूबाई मध्येच नदीत होती. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचे लोणचे मिळाले. जळगाव जामोदहून खामगावपर्यंत एस.टी.त येऊनही बरणी सांडली नाही. आम्ही बरे आहोत. ओवी वेळेवर जेवते, वेळेवर लॅबमध्ये कामाला जाते. रविवारी तुम्ही तिला घ्यायला येणार आहात, तेही ध्यानात आहे. त्यावर मागून लिहिते. आधी तिच्या मोबाइलवरच्या खेळाविषयी, कारण फोनवर तुम्ही त्याला खूळ म्हणालात. अंबूबाई त्यातलीच. माझी.

खेळ असा. डोंगरी किल्ल्याचे एक गाव, कोणीच न पाहिलेले. ठिकठिकाणची मुले आपापल्या घरी बसून त्या गावातली माणसे होतात आणि आपला माणूस काय करतो ते लिहीत जातात. पण आत शिरण्याआधी त्या माणसाचे मागचे आयुष्य लिहून द्यावे लागते. खेळ चालवणारा अश्वजित ते वाचतो. (नागपूरचा आहे, ओवीच्याच वयाचा, पण माझ्या बी.एड.च्या परीक्षकांपेक्षा कडक.) त्याला पटले तरच वेशीतून आत.

मी रीतसर लिहिले. अंबूबाई, किल्ल्याची पहारेकरीण, उंची पाच फूट तीन, वर्ण निमगोरा, मामेकुळ चांगले, घरी चार एकर ओलीत, स्वभाव मनमिळाऊ, स्वयंपाकाची आवड. ओवी वाचून पलंगावर आडवी झाली. "आत्या, ही बाई किल्ल्यावर पहारा देऊन राह्यली का पाहुण्यायले पोहे?"

दादा, दुसरे काही सुचलेच नाही. आपल्याकडे माणसाची माहिती म्हणजे एवढीच. नोकरीभर मी नववीच्या मुलांकडून स्वभावचित्रे लिहून घेतली. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. त्यांतला एकही माणूस मला रस्त्यात ओळखता येणार नाही.

मग ओवीने स्वतःचे दाखवले. तिची बाई घंटा ओतते. घंटांपायी डावा कान गेला. ती हे कोणाला सांगत नाही, फक्त नेहमी लोकांच्या डाव्या बाजूला बसते. दहा-बारा ओळी, विशेषण एकही नाही. पुढे खेळात धोक्याची हाक डावीकडून आली आणि ती शांतपणे भाकर खात राहिली, तेव्हा सगळ्यांना कळले. कोणी समजावून सांगितले नाही. तुमच्या मुलीला लिहिता येते. हे मी आत्या म्हणून नव्हे, पेपर तपासणारी म्हणून सांगते.

माझे लिखाण परत आले. खाली एकच प्रश्न: ही कशाला भिते? मी लिहिले, पालीला. परत. लिहिले, कशालाच नाही. परत, आणि सोबत "काकू, खरं लिहा न." शेवटी लिहिले, मोठ्या भावाला. लगेच मंजूर.

आणि गेल्या रविवारी अश्वजितने वेशीबाहेर अंबूबाईचा मोठा भाऊ आणून उभा केला. तिच्याजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीला सोयरिकीसाठी न्यायला आला म्हणे. (मी त्याला घरचे काही सांगितले नव्हते. मोठे भाऊ बहुधा याच कामाला येतात.) मी मोबाइल ओवीच्या हातात दिला. तिने तो परत माझ्या हातात दिला. "तुही अंबूबाई हाय. तूच लिही." मग लिहिले: अंबूबाई कडीला हात लावत नाही. ती आतून म्हणते, "दादा, पोरगी येत नाही. भाकर तटावरून खाली सोडते, खाऊन जा."

अश्वजितने लिहिले की भावाने भाकर घेतली.

वहिनींना नमस्कार. पायऱ्या जपून चढा.

तुमची
शैलजा

ता.क. मुद्दा राहिला. मेहकरचे स्थळ ओवीला नको आहे आणि नोकरी सोडायची नाही. तिने तुम्हाला सांगितले नाही, कारण तीही भिते. रविवारी येऊ नका.

आणखी एक. एवढे वाचूनही तिला न्यायचेच असेल, तर मोबाइल तरी इथे ठेवा. अंबूबाई त्यात आहे.

सकाळी. रविवारची वाट न पाहता तुम्ही आज आलात. मी दार उघडले, पाणी दिले, आणि चहा ठेवता ठेवता ओवी येणार नाही असे सांगितले. तुम्ही पाणी संपवलेत. मग म्हणालात, "साखर कमी टाक." सकाळच्याच गाडीने एकटे परत गेलात. पत्र लिहून झालेच होते, म्हणून टाकते आहे.