विषय : मरणाची पूर्वतयारी

फरीदाबाद,
रविवार, ता. ९

ती. द्वारकाताईस,
श्यामकांतचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला दोन्ही आटोक्यात असावेत. सुमित्राच्या हृदयाची झडप वीस तारखेला गुरुग्रामच्या हॉस्पिटलात बदलणार आहेत, हे फोनवर कळवलेच आहे. तू धावपळ करून येऊ नकोस. मी अगदी शांत आहे, कारण मी लॅटिन शिकतो आहे.

हसू नकोस. मरणाला सामोरे कसे जावे यावर रोमन तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. ते मुळातून वाचावे म्हणून दर शनिवारी मेट्रोने दिल्लीला क्लासला जातो. (केंद्र सरकारच्या नोकरीत चौतीस वर्षे मूळ कागद पाहिल्याशिवाय सही केली नाही, मग मरणाच्याच बाबतीत भाषांतरावर का विसंबावे?) दोन महिन्यांत तीन पाने झाली. मरणाचा रोज सकाळी विचार करावा असे त्यांत आहे. मी दाढी करताना करतो, त्यामुळे दोनदा कापले. सवयीने पुस्तकाच्या समासात शेरे मात्र पडतात. जगण्याची हाव सोडावी, या वाक्यापुढे मी ‘तूर्त प्रलंबित’ लिहिले, तेव्हा आमच्या क्लासच्या शिवांगी मॅडम म्हणाल्या, "अंकल, यह फाइल नहीं है."

शुक्रवारी हॉस्पिटलात संमतीपत्र सहीला दिले. तिसऱ्या पानावर छापले होते की रुग्ण दगावू शकतो आणि हे नातेवाइकांना मान्य आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचले, समासात ‘मान्य नाही. चर्चा करावी.’ असे लिहिले आणि तारीख घालून कागद परत केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिर्फ साइन करना था." डॉक्टरांना बोलवावे लागले. ते खरोखरच चर्चेला बसले (अर्धा तास, भला माणूस). शेवटी सुमित्राने नवा फॉर्म मागून आपली सही केली, पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "करा आता. मला भूक लागलीय." मी केली. सही नेहमीसारखी आली नाही.

एकंदरीत तयारी चांगली चालली आहे. भावजींना नमस्कार.

तुझा,
श्यामकांत

ता.क. सुमित्राने डाळींच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. (मला तूर आणि हरभरा ओळखता येत नाही.) हल्ली मी स्वयंपाकघरात जायचे टाळतो.

आणखी एक. वाचलेल्या तिन्ही पानांत माणूस स्वतःच्या मरणाला तयार होतो. तेवढा मी झालो असेन. बायकोच्या मरणाबद्दल अजून एक ओळही आलेली नाही. ताई, अठरापर्यंत ये. मला फार भीती वाटते.