तिसरा अंक

बुधवार संध्याकाळ, डोंगरकडा

भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर मावत नव्हता, म्हणून नवऱ्यानं माझ्या नाटकाचं फोल्डर डिलीट केलं. वर म्हणतो, "कामाचं काय व्हतं त्यात?" तीन वर्षं लिहीत होते. या माणसानं एक पान वाचलं असेल तर शपथ!

आज हिंगोलीच्या दुरुस्तीवाल्या सलीमभाईंनी दोन अंक काढून दिले. तिसऱ्याच्या जागेवर लग्नाचा व्हिडिओ बसला, तो अंक गेलाच. नवरा म्हणे, "दोन भेटले ना, मग काहून रडून राहिली?" असल्याशी काय बोलायचं? तिसरा अंक आठवेल का मला? आठवावाच लागेल.

दोन पेनड्राइव्हवर कॉपी घेतली. एक माझ्या पर्समध्ये. दुसरा सासूबाईंना दिला, त्यांनी पदराच्या गाठीत बांधला.

"माझ्या पोराच्या हाती लागू देत न्हाई," म्हणाल्या.